तळटीप : येळवस

* येळवस : वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या लगतच्या भागात या दिवशी घरेच्या घरे शेतात जातात; लातूरची बाजारपेठ ओस पडते. कडब्याच्या कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात. लेखकाने चाखलेली ‘भज्जी’ ही तळलेली भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसन लावून शिजवलेली ती घट्ट भाजी. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबवलेले, ताकातले ज्वारीचे आंबील. ज्याला शेत नाही, त्याला आवर्जून बोलावण्याची इथली रीत फार मोलाची आहे. अनोळखी कोपीतून लेखकाला आलेली ‘जेवून जावा’ ही हाक त्याच रीतीतली.