पुण्याच्या मातीतील दोन इंग्रज लेखिका

दापोडी म्हटले की आज एस. टी.ची कार्यशाळा डोळ्यांपुढे येते. परंतु गेल्या शतकाआधीच्या शतकात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात ज्या बंगल्यात राहत, तो येथेच, मुळेच्या काठी होता. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली याच दापोडीत वारले. गव्हर्नरांचे चरित्र दप्तरांत सुरक्षित राहते. पण त्याच दशकाच्या मागेपुढे दोन इंग्रज लेखिकांनी पुण्यात देह ठेवला, त्यांची आठवण मात्र कोणी ठेवली नाही.

पहिली मारिया जेन ज्यूसबरी. १८०० साली जन्मलेल्या या मुलीची आई १८१९ मध्ये निवर्तली आणि मँचेस्टरच्या घरातील धाकट्या भावंडांचा भार तिच्यावर पडला. घरकामातून उरलेल्या वेळात तिने लेखणी चालविली. १८२५ साली निघालेले पहिले पुस्तक तिने कवी वर्ड्‌स्वर्थला अर्पण केले; पुढे त्या कुटुंबाशी तिचा स्नेह जडला. ‘अथेनियम’ या लंडनच्या साप्ताहिकातही तिने लिहिले. १८३२ मध्ये तिने कंपनीच्या एका पाद्र्याशी विवाह केला आणि दोघे हिंदुस्थानास निघाले. जहाजावरही तिची कविता थांबली नाही. पण पतीची नेमणूक जिथे, तिथे पत्नीचा मुक्काम! सोलापूरच्या बाजूला जाऊन परतताना पुण्यात पटकीने तिला गाठले. ४ ऑक्टोबर १८३३ रोजी ती गेली, तेव्हा तिला तेहतीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

दुसरी एमा रॉबर्ट्‌स. ती १८२८ मध्ये विवाहित बहिणीच्या संसारात आश्रित म्हणून बंगाल प्रांतात आली. बहिणीच्या घरी राहणाऱ्या अविवाहित तरुणीची स्थिती किती केविलवाणी असते, हे तिने पुढे स्पष्ट लिहिले. अनुभवाचेच ते बोल होते. १८३१ साली बहीण वारली. एमाने कलकत्त्यास जाऊन वृत्तपत्राचे संपादन पत्करले. स्वदेशी परतल्यावर १८३५ मध्ये तिचा हिंदुस्थानावरील ग्रंथ निघाला आणि नाव झाले. १८३९ मध्ये फ्रान्स व मिसर या खुष्कीच्या मार्गाने ती पुन्हा आली. या खेपेस ती कोणाची मेहुणी म्हणून आली नाही, लेखिका म्हणून आली. मुंबईत तिने लेखन व संपादन आरंभिले. एप्रिल १८४० मध्ये साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यांच्याकडे पाहुणी असता ती आजारी पडली. पुण्यास आणल्यावर १६ सप्टेंबर रोजी तिचे निधन झाले. मारियाच्या थडग्याजवळच तिला पुरले. तिच्या अखेरच्या प्रवासाचे पुस्तक निघाले ते तिच्या पश्चात, १८४१ साली.

या दोघींचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. एमाने आपला देश पाहिला तो राज्यकर्त्यांच्या ओसरीवरून. ज्या ओव्हन्सच्या घरी ती उतरली, तो रेसिडेंट असताना आदल्याच वर्षी प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले होते, हे मराठी वाचकाने विसरता कामा नये. परंतु लेखणीवर आपले पोट भरावे आणि आपली वाट आपण ठरवावी, ही तिची आकांक्षा परकी म्हणून टाकता येणार नाही. राज्यकर्त्यांच्या मुलीलाही ती सहज साधली नाही. तिला आधी आश्रित व्हावे लागले, आणि मारियाची लेखणी तर संसार व प्रवास यांत अर्ध्यावरच राहिली.

एमा गेली त्यानंतर आठच वर्षांनी, १८४८ मध्ये, पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचा काव्यसंग्रह १८५४ चा. ताराबाई शिंदे यांचा निबंध १८८२ चा. या मराठी लेखिकांनी त्या थडग्यांकडून काही घेतले, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांची वाट त्यांनीच खणली, आणि ती अधिक खडतर होती, कारण येथे अक्षर गिरवण्यासाठीच दगडधोंडे सोसावे लागले. तथापि एकाच शहराच्या मातीत हे दोन्ही इतिहास शेजारी आहेत. बाईने लिहावे की नाही, हा प्रश्न आज आपण विचारीत नाही. तिला लिहावयास वेळ, स्वतःची मिळकत आणि घरचा मान मिळतो काय, हा प्रश्न मात्र दापोडीच्या प्रत्येक घराने आपल्याशीच विचारून पाहावा.