हेक्टर की झाड?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. दोनच दिवसांनी मुख्यमंत्र्यांनी अलिबागला येऊन रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. उडालेले पत्रे, पडलेले विजेचे खांब, टाळेबंदीत अडकलेले चाकरमानी यांवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला येथे एकच प्रश्न तपासायचा आहे. पडलेली वाडी मोजायची कशाने?

सरकारी निकष हेक्टरचा. बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये मिळत. राज्याने ते ५०,००० केले. वाढ मोठी दिसते, पण कोकणातली वाडी गुंठ्यात मोजतात. हेक्टरचे गुंठे सुमारे शंभर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. शिवाय आगरातली शेती उभी असते: वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, तळाशी केळ, कुठे जायफळ. सातबाऱ्यावरचे क्षेत्र या मजल्यांबद्दल काही सांगत नाही. उसाच्या किंवा द्राक्षाच्या मुलखात बसणारे माप इथे तोकडे पडले.

बागायतदारांनी ओरड केली, लोकप्रतिनिधींनी ती पुढे नेली आणि शासनाने माप बदलले. नारळाच्या झाडामागे २५० रुपये, पोफळीमागे ५०. समजा, पाच गुंठ्यांत शंभर पोफळी आणि आठ नारळ पडले. हेक्टरच्या हिशेबाने २,५०० रुपये. झाडाच्या हिशेबाने ७,०००.

माझ्या मते निसर्गनंतरच्या मदतकार्यातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तरीही अपुरा. ५० रुपयांत पडलेले खोड तोडून वाडीबाहेर काढणेही होत नाही. त्यात पंचनाम्याआधी ते हलवावे, तर मोजणार काय? नारळ गेल्याने उरलेल्या पोफळीवर थेट ऊन आले, आणि पोफळीला, विशेषतः कोवळ्या रोपाला, ऊन सोसत नाही. म्हणून नव्या लागवडीत आधी सावलीची सोय करावी लागते. केळ लावायची, ती वाढू द्यायची, मग तिच्या आडोशाला पोफळीचे रोप. ते धरायला पाच-सात वर्षे जातात. तोवर घर कशावर चालवायचे, याचा रकाना दोन्ही मापांत नव्हता.