मुक्त की मोकळा? : मेंदूच्या नोंदींचा एक इतिहास

मुळशी म्हटले की मराठी वाचकाला वीज आठवते. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला मावळ्यांचा सत्याग्रह, सेनापती बापटांचे नेतृत्व आणि अखेर १९२७ पासून भिऱ्याच्या केंद्रात तयार होऊ लागलेली वीज हा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. प्रस्तुत लेखाचा विषयही वीजच आहे. पण ती इतकी क्षीण की एका व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास तिचे मोजमाप होते. मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी बोलताना तिचे स्पंदन उमटते आणि सुमारे एक सहस्रांश सेकंदात विरून जाते. ते टिपण्याच्या खटाटोपाला दीडशे वर्षे होत आली. या खटाटोपातील दोन परस्परविरोधी वाटा मुळशीच्या दोन शेजारगावांत दिसतात हा योगायोग असेल, पण तो विचार करण्याजोगा आहे. उत्तरेला मावळात लोणावळा आहे; पूर्वेला सूसची खिंड ओलांडली की पाषाण लागते.

लोणावळ्यात ऑक्टोबर १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. पूर्वाश्रमीचे ते जगन्नाथ गणेश गुणे. योगाविषयी श्रद्धेने बोलणारे त्यांच्या काळी पुष्कळ होते; कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेत नेले. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली यांचा अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या ऋण दाबाला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले आणि हे सारे ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. शरीराचे मोजमाप झाले, तेव्हा चित्ताचे का होऊ नये, हा प्रश्न त्यानंतर उभा राहणे स्वाभाविक होते.

त्यासाठी लागणारे साधन युरोपात तयार होत होते. १८७५ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवरून विद्युत्प्रवाह नोंदवले. जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून, कवटी न उघडता, मेंदूलहरींचा आलेख काढला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा आवर्तनांची लहर दिसते. डोळे उघडताच ती मोडते. तिला अल्फा हे नाव मिळाले.

या साधनाची एक अट होती: ज्याची नोंद घ्यायची त्याने हलता कामा नये. पापणी लवली, जबडा आवळला, तरी स्नायूंची वीज मेंदूच्या विजेला बुडवून टाकते. ही अट आनंदाने पाळील असा माणूस जगात कुठे असेल तर तो ध्यानस्थ योगी. म्हणूनच पन्नाशीच्या दशकात पाश्चात्त्य संशोधक यंत्रे घेऊन भारतात आले. दास आणि गास्तो यांचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५७ मध्ये मॅरियन वेंगर आणि बसू बागची हे दोघे अमेरिकेतून फिरते यंत्र घेऊन आले. लोणावळ्याच्या साधकांवरही त्यांनी मोजमापे केली. १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बाळकृष्ण आनंद, गुलजारसिंग छिना आणि बलदेव सिंग यांचा निबंध आला. दोन योग्यांनी चार अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात बुडवून ठेवला, तरी त्यांची अल्फा लहर मोडली नाही, असे त्यांनी नोंदवले. दास-गास्तो यांना मात्र समाधीच्या वेळी उलट जलद लहरी दिसल्या होत्या.

या विसंगतीचे एक कारण साधकांच्या आणि साधनेच्या भिन्नतेत शोधता येईल. दुसरे कारण साधनातच आहे. कवटीवरून मिळणारा आलेख म्हणजे असंख्य पेशींचा एकत्र आवाज. पंढरीच्या वाटेवर दुरून टाळमृदंगाचा घोष ऐकू येतो. त्यातला एक वारकरी काय म्हणतो आहे ते कळत नाही. ते ऐकायचे तर वारीत शिरायला हवे. मेंदूच्या बाबतीत याचा अर्थ तार आत घालणे असा होतो, आणि योग्याच्या डोक्यात तार कोण घालील? इथे उंदराचा प्रवेश होतो.

या दोन्ही वाटा चालून गेलेला एक माणूस आपल्या इतिहासात आहे. तो म्हणजे उपर्युक्त आनंद. योग्यांच्या अभ्यासाआधी दहा वर्षे, १९५१ मध्ये, येल विद्यापीठात जॉन ब्रॉबेक यांच्यासह त्यांनी दाखवून दिले होते, की अधश्चेतकाचा बाजूचा अगदी लहान भाग नष्ट केला तर उंदीर खाणेच सोडून देतो. भूक आणि समाधी हे दोन्ही विषय एकाच शरीरशास्त्रज्ञाच्या टेबलावर आले याचे नवल वाटायला हवे.

परंतु उंदीर ध्यानाला बसत नाही. त्याला भूल द्यावी, तर ज्याचा अभ्यास करायचा ते वर्तनच नाहीसे होते. बांधून ठेवावे, तर बांधलेल्या उंदराचा अभ्यास होतो. यातून सुटण्यासाठी यंत्रच प्राण्याच्या अंगावर चढवण्याचा मार्ग निघाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फेलिक्स स्ट्रमवॉसर आणि डेव्हिड ह्यूबेल यांनी मोकळ्या प्राण्यांतील एकेका पेशीची स्पंदने टिपली. ह्यूबेल यांनी त्यासाठी टंगस्टनचा अणकुचीदार इलेक्ट्रोड स्वतः घडवला होता. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जॉनथन डोस्ट्रोव्हस्की यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या, की ज्या तो विशिष्ट जागी आला म्हणजेच बोलू लागत. या शोधासाठी ओकीफ यांना २०१४ चे नोबेल मिळाले. बांधलेल्या उंदराला जागा एकच. त्याच्यात ही पेशी सापडणे अशक्य होते. प्राण्याला मोकळे सोडणे ही इथे दया नव्हती, ती ज्ञानाची पूर्वअट होती.

हे उपकरण घडवणे हे सोनाराच्या तोडीचे काम आहे. केसाहून बारीक अशा चार तारा एकत्र पिळून त्यांचा एक पदर करतात. एकच पेशी चारही टोकांना थोडी वेगवेगळी ऐकू येते, त्यामुळे शेजारच्या पेशींपासून ती निवडता येते. टोकांवर सोन्याचा मुलामा देतात. पदर एका चिमुकल्या स्क्रूला जोडलेला असतो. स्क्रू किंचित फिरवला की तार मेंदूत तितकीच खोल उतरते. भूल देऊन कवटीला छिद्र पाडतात आणि दाताच्या डॉक्टरांचे सिमेंट लावून सारे डोक्यावर पक्के बसवतात. मराठीत आपण लहानमोठ्या दोहोंना उंदीरच म्हणतो, पण इथे फरक महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेतला मोठा उंदीर तीनशे ग्रॅमचा, तर छोटा जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा. त्याच्या डोक्यावर दोन-तीन ग्रॅमपेक्षा अधिक ओझे ठेवले तर तो मोकळा राहत नाही. म्हणून या क्षेत्राचा अलीकडचा इतिहास हा ग्रॅमचा इतिहास आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १.९ ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक उंदराच्या डोक्यावर बसवला. २०१७ मध्ये न्यूरोपिक्सेल्स ही सिलिकॉनची सुई आली. तिच्यावर ९६० नोंदबिंदू आहेत आणि त्यांपैकी ३८४ एका वेळी वाचता येतात. दर बिंदूवरून सेकंदाला तीस हजार नोंदी, म्हणजे एका सेकंदात एक कोटी पंधरा लाखांवर आकडे हाती येतात.

पाषाणला २००६ मध्ये स्थापन झालेल्या आयसर संस्थेत याच परंपरेतले काम चालते. निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेत उंदीर दोन वासांतला भेद किती वेळात ओळखतो याचा अभ्यास होतो. मोकळ्या आणि डोके स्थिर केलेल्या, अशा दोन्ही अवस्थांत. राघव राजन यांचा विषय झेब्रा फिंच हा छोटा पक्षी. गाण्याआधी तो एक लहानसा स्वर पुनःपुन्हा लावतो, जणू गवई षड्ज जुळवून घेतो आहे, आणि गाण्याची ही सिद्धता मेंदूतही उमटते, असे राजन यांनी ॲलिसन डूप यांच्यासह २०१३ मध्ये मांडले. बांधून घातलेल्या पक्ष्याकडून ही नोंद मिळाली नसती.

आता शब्दाकडे वळू, कारण आपला प्रांत तो आहे. शास्त्रज्ञ ज्याला स्वच्छंद हालचाल करणारा प्राणी म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे? ‘मुक्त’ हा शब्द चटकन सुचतो. पण आपल्या भाषेत मुक्त तो, ज्याचे बंध कायमचे तुटले. दावे सोडलेले जनावर ‘मोकळे’ असते, आणि त्याला धनीच नसेल तर ‘मोकाट’. मोकळेपणात दावे पुन्हा बांधले जाण्याची शक्यता गृहीतच असते. डोक्यावर दोन ग्रॅमचे यंत्र वागवत पेटीत फिरणारा उंदीर मोकळा आहे. तो मुक्त नाही. उलट लोणावळ्याचा साधक स्वेच्छेने शरीराला ‘बंध’ घालतो. मूलबंध, उड्डियान बंध ही त्याच्याच शास्त्रातली नावे. तो बंधातून मुक्ती शोधतो. दोघांमधला खरा भेद हालचालीचा नसून संमतीचा आहे. योगी यंत्रासमोर बसायला नकार देऊ शकत होता.

ही जाणीव आपल्या कायद्यालाही आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधीचे १९९८ चे नियम यांनुसार असा प्रयोग संस्थेच्या आचारसमितीच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. उंदीर बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी विचारायचे: हा प्रयोग आवश्यक आहे का, कमी प्राण्यांत भागेल का, वेदना टाळता येतील का? अपस्मार, कंपवात यांसारख्या व्याधींचे आकलन पुष्कळ अंशी अशा नोंदींवर उभे आहे. त्यामुळे हे प्रयोग सरसकट नाकारणे सोपे नाही, आणि ‘मुक्त’ म्हणून त्यांचे समाधान मानणेही प्रामाणिक नाही.

मुळशीच्या पहिल्या विजेने आपल्याला एक प्रश्न शिकवला होता: प्रकाश कोणाच्या घरी, आणि बुडाले कोणाचे घर? मेंदूतल्या विजेबाबतही तो विचारावा लागेल. विज्ञानाला त्याने बाधा येत नाही. वारीत शिरून एकेका वारकऱ्याचा शब्द ऐकण्याची इच्छा उदात्त आहे. पण आपण कोणाच्या खांद्यावर बसून वारीत शिरलो, हे नोंदवणे हाही नोंदीचाच भाग आहे. तेवढी नोंद नेमक्या शब्दांत ठेवण्याचे काम तरी भाषेच्या अभ्यासकांनी करावे.