हिरव्या माथ्याचे दगड : राज्य महामार्गांच्या एका हस्तांतरणाचा इतिहास

रस्त्याच्या कडेला रोवलेल्या किलोमीटरच्या दगडांना रंगीत माथा असतो. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, काळा जिल्हामार्गाचा. भूगोलाच्या तासाला हे रंग मुलांच्या चटकन ध्यानात राहतात; मात्र त्या रंगांमागे दडलेला ‘हा रस्ता कोणाचा?’ हा प्रश्न क्रमिक पुस्तकात येत नाही. सुट्टीत आजोळी, कुलदैवताच्या दर्शनाला, लग्नकार्याला शेकडो किलोमीटरची वाट तुडवणाऱ्या आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीय कुटुंबांना तरी तो परका वाटू नये. २०१७ साली अनेक राज्यांत काही रस्त्यांचा हा हिरवा माथा कागदोपत्री पुसला गेला. रस्ते होते तेथेच राहिले, त्यांवरची वाहनेही तीच राहिली. बदलले ते केवळ नाव आणि धनी.

या घटनेचा अर्थ उमगण्यासाठी नव्वद वर्षे मागे जावे लागते. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय झाला आणि प्रांतांनी त्यातील बराचसा भार स्थानिक मंडळांच्या खांद्यावर ठेवला. बैलगाडीच्या चाकांना हे रस्ते पुरत होते. मोटारी वाढल्या, तसे ते उखडू लागले आणि मंडळांच्या तिजोऱ्या अपुऱ्या पडू लागल्या. म्हणून १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे जयकर. भारतीय रस्त्यांच्या इतिहासातील त्यांचे स्थान मात्र मराठी वाचकाला फारसे ठाऊक नसते, याची मला नेहमी खंत वाटते.

१९२८ च्या अहवालात या समितीने निःसंदिग्धपणे सांगितले, की रस्त्यांचा विकास आता स्थानिक संस्थांच्या आर्थिक कुवतीबाहेर गेला आहे. तो राष्ट्राच्या हिताचा विषय असून मध्यवर्ती महसुलातून त्याला साहाय्य मिळणे योग्य ठरेल. त्यासाठी पेट्रोलवर दर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर सुचवण्यात आला. १९२९ मध्ये त्यातून मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला, १९३४ मध्ये भारतीय रस्ते परिषद स्थापन झाली. पुढे १९४३ मध्ये नागपूर येथे देशभरातील मुख्य अभियंते एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग व ग्रामीण रस्ते अशी प्रतवारी आखली. आजची आपली वर्गवारी मूलतः तीच आहे. ‘प्रांतिक’चे ‘राज्य’ झाले इतकेच. रस्ता जितका महत्त्वाचा तितका त्याचा सांभाळ करणारा समर्थ असावा, हे या साऱ्या रचनेमागील सूत्र होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे आणि उरलेले रस्ते राज्यांकडे दिले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ हा नगरपालिकांच्या कामांतील एक विषय म्हणून नोंदला गेला. तेव्हा शहरातून जाणारा एखादा राज्यमार्ग नगरपालिकेच्या हाती यावा, यात मुळात गैर काही नाही. गावाबाहेरून वळणरस्ता झाला, की आतला जुना मार्ग गावाचाच होतो. तो गावाने सांभाळावा, हे स्वाभाविकच आहे. २०१७ चे हस्तांतरण वेगळे ठरले, ते त्यामागील हेतूमुळे.

महामार्गांलगतच्या मद्यविक्रीचा प्रश्न तोवर बराच जुना झाला होता. राष्ट्रीय महामार्गांच्या कडेला दारूचे परवाने देऊ नयेत, अशी एकमुखी शिफारस राष्ट्रीय रस्ता सुरक्षा परिषदेने जानेवारी २००४ मध्येच केली होती. केंद्राने राज्यांना तशी पत्रेही धाडली. पत्रांनी दुकाने हलत नाहीत, हा अनुभव याही वेळी आला. २०१५ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,४६,१३३ माणसे मृत्युमुखी पडली. एखाद्या मध्यम आकाराच्या शहराची ही लोकसंख्या! १९९६ च्या मोटार अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवरून वावरणारे चंडीगडचे हरमन सिद्धू यांनी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, दक्षिणेत के. बालू या वकिलांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आणि १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल लागला : राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल २०१७ पासून मद्यविक्री नको. पुढे ३१ मार्च २०१७ रोजी, वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटरवर आणण्यात आले.

निकालात ‘राज्य महामार्ग’ हे शब्द होते. तेव्हा रस्ता ‘राज्य महामार्ग’ न राहिल्यास निकाल त्याला लागू होणार नाही, ही वाट अनेक सरकारांना दिसली. चंडीगडने शहरातील असे मार्ग ‘प्रमुख जिल्हामार्ग’ ठरवले. राजस्थान, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, पश्चिम बंगाल येथेही फेरवर्गीकरण झाले, आणि महाराष्ट्रही यात मागे राहिला नाही. एकेका परवान्याच्या शुल्कावर राज्यांचा महसूल उभा होता, हॉटेलांतील हजारो कामगारांची चूल त्यावर पेटत होती. ही अडचण खोटी नव्हती. मात्र दुकान हलवण्याऐवजी रस्त्याचेच नाव हलवावे, ही युक्ती मला शिक्षिकेच्या नजरेने पाहता, उत्तर चुकल्यावर प्रश्नच खोडणाऱ्या विद्यार्थ्यासारखी वाटते. तमिळनाडूत असे वर्गीकरण बदलून दुकाने उघडण्याच्या हालचाली सुरू होताच मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये त्यांना तात्पुरता अटकाव केला.

चंडीगडच्या निर्णयाला दिलेले आव्हान मात्र टिकले नाही. ११ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शहरे व गावे यांना जोडणाऱ्या मार्गांवरील वेगवान वाहतूक हा मूळ आदेशाचा रोख होता. नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना तो लागू नाही. शहरातील रस्त्यावरची वाहतूक निराळी असते, हा युक्तिवाद तर्काला धरून आहे, हे मान्य करावे लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या हद्दीतील काही क्षेत्रांबाबतचा निर्णयही राज्यांवर सोपवण्यात आला. ज्या नामांतरासाठी एवढी धावपळ झाली, त्याची अनेक शहरांत मग गरजच उरली नव्हती.

जयकर समितीने जो भार स्थानिक संस्थांना पेलवत नाही म्हणून वरच्या हाती द्यायला सांगितला होता, तोच या घाईत पुन्हा खाली उतरला. महामार्गाच्या जाडीचा थर, दुभाजक, पूल, मोऱ्या, पावसाळ्यानंतरची डागडुजी, रात्रीचे दिवे हे सारे आधीच ओढगस्तीत असलेल्या पालिकेच्या अंदाजपत्रकात येऊन बसले. दारूच्या परवान्याचे शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते; खड्ड्याची तक्रार घेऊन नागरिक जातो, तो पालिकेच्या दारी. त्या रस्त्यावरून जाणारी मालमोटार मात्र पूर्वीइतकाच भार घेऊन, पूर्वीच्याच वेगाने जात असते; तिच्या चालकाला दगडाच्या माथ्याचा रंग अंधारात दिसतही नाही.