जरीकाठ आणि छाप

गेल्या वर्षी वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्याला मी त्याच्या बुटांवरून बोललो. शिष्यवृत्ती आलेली नाही, खानावळीचे पैसे थकलेले, आणि पायात नामांकित कंपनीचे बूट! तो शांतपणे म्हणाला, "सर, हे बूट असले की दुकानदार 'बसा' म्हणतो." मी घरातला पहिला पदवीधर. पहिल्या पगारात मीही छाप पाहूनच शर्ट घेतला होता. मी गप्प बसलो.

ऐपत असली तरी विकत घ्यायचे नाही, हा आपल्या समाजव्यवस्थेचा जुना कायदा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतांवरची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. हे पोथीतच राहिले नाही. इंदूरकडील काही खेड्यांतल्या सवर्णांनी बलाई लोकांना बजावले : जरीकाठी पागोटी बांधू नका, रंगीत काठाची धोतरे नेसू नका, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. बलाईंनी नकार दिला. विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली. अनेकांना घरदार सोडावे लागले. जानेवारी १९२८ मध्ये वृत्तपत्रात आलेली ही हकीकत बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवली. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची १९३५ ची घटनाही तिथेच आहे. धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून अस्पृश्य स्त्रियांना मारहाण झाली. पैसा त्यांचा, भांडी त्यांची. गुन्हा पायरी ओलांडल्याचा!

म्हणून आमच्या पोरांच्या खरेदीला कोणी सरसकट उधळपट्टी म्हटले, तर ते मला मान्य नाही. जिथे चिंध्या नेमून दिल्या होत्या, तिथे चांगले कापड अंगावर घेणे हेच बंड होते.

परंतु डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलेलेही आठवावे लागते. जात ओळखू येईल अशी लुगड्याची नेसण सोडा, चांदी-कथलाच्या गोट-पाटल्या टाका. वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असू द्या. अंगावरची खूण पुसा, असे ते सांगत होते. आजची कंपनी खूणच विकते. जाहिरात आधी माणसाला उणा ठरवते, मग त्या उणेपणावरचा उतारा विकते. ज्याला जातीने पिढ्यान्‌पिढ्या उणा ठरवला, त्याला हा उतारा सर्वांत महाग पडतो. त्यापायी खानावळ थकते.

बूट काढ, असे मी त्या विद्यार्थ्याला आता म्हणणार नाही. मात्र त्याच दुकानात साध्या चपलेत येणाऱ्या त्याच्या बापालाही 'बसा' म्हटले जावे, यासाठी काय करायचे, हे आम्हा दोघांना मिळून ठरवावे लागेल.