ताई ची : पडण्याची भीती कमी करणारा संथ व्यायाम

साठीनंतर घरात पाय घसरून पडणे ही किरकोळ बाब नसते. खुब्याचे हाड मोडले, तर बरेच महिने दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागू शकते. एकदा पडल्यावर अनेकजण भीतीने चालणे कमी करतात. त्यामुळे पायांची ताकद घटते आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र तोडायला ताई ची उपयोगी पडते.

ताई ची म्हणजे काय?

ही मुळात चीनमधील युद्धकला आहे. शिंग यी, बाग्वा आणि ताई ची या तीन कलांना ‘अंतर्गत’ युद्धकला म्हणतात. त्यांत स्नायूंच्या नुसत्या जोरापेक्षा श्वास, शरीराची ठेवण आणि एकाग्रता यांवर भर असतो. ‘ताई ची’मधील ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो वेगळा शब्द असून त्याचा अर्थ ‘टोक’ किंवा ‘परमोच्च’ असा होतो.

थोडा इतिहास

या कलेची मुळे हेनान प्रांतातील चेनजियागोउ गावात, सतराव्या शतकातील चेन घराण्यात सापडतात. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान हे चेन घराण्याकडून ती शिकले आणि त्यांनी बीजिंगमध्ये शिकवली. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी 24 हालचालींचा सोपा क्रम तयार केला. 2020 मध्ये युनेस्कोने ताई चीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

फायदा कसा होतो?

गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश नेला जातो. त्यामुळे मांड्यांचे स्नायू बळकट होतात आणि तोल सावरण्याचा सराव होतो.

- पडणे : अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात, ताई ची करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने कमी आढळले.
- कंपवात (पार्किन्सन) : 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा 24 आठवडे सराव केल्यावर रुग्णांचा तोल सुधारला.
- गुडघ्याची झीज : 2016 च्या एका अभ्यासात 12 आठवड्यांनंतर वेदनेत पडलेला फरक फिजिओथेरपीइतकाच होता.

ताई चीने मधुमेह किंवा रक्तदाब ‘मुळापासून बरा होतो’ असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. चालू औषधे स्वतःहून बंद करू नका.

सुरुवात कशी कराल?

- शक्यतो प्रशिक्षकाकडून शिका. केवळ व्हिडिओ पाहून गुडघ्याची चुकीची ठेवण लक्षात येत नाही.
- गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका आणि फार खाली वाकू नका.
- सपाट, न घसरणारी जागा निवडा. सुरुवातीला भिंत किंवा भक्कम खुर्ची हाताशी ठेवा.
- दहा मिनिटांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवा. उभे राहणे कठीण असेल, तर खुर्चीत बसूनही काही हालचाली करता येतात.

आधी डॉक्टरांना विचारा

नुकतेच हाड मोडले असेल, सांधा बदलला असेल, हाडे फार ठिसूळ असतील, वारंवार चक्कर येत असेल किंवा हृदयविकार असेल, तर आधी सल्ला घ्या. सराव करताना छातीत दुखले, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या. गेल्या वर्षभरात तुम्ही एकदा जरी पडला असाल, तरी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कारण कधी दृष्टिदोष, तर कधी चालू औषधही असू शकते, आणि त्यावर वेगळा उपाय लागतो.