तळटीप : तात्या विंचू

‘झपाटलेला’ या चित्रपटातील (१९९३) मंत्राने बाहुल्यात शिरणारा खलनायक, भूमिका दिलीप प्रभावळकर, बाहुला रामदास पाध्ये यांचा. जुने खलनायक गमतीचे नि नवे तेवढे भीषण, हे मूळ लेखातील विधान जसेच्या तसे घेता येत नाही. बॅटमॅनचा शत्रू जोकर १९४० साली कॉमिक्समध्ये विषप्रयोग करतच अवतरला; १९५४च्या कॉमिक्स आचारसंहितेनंतर तो माणसाळला. १९६६च्या बॅटमॅन मालिकेत तर जोकर झालेल्या सीझर रोमेरोने मिशी काढायचे नाकारले, म्हणून तिच्यावरच पांढरा रंग फासला! १९७३मध्ये कॉमिक्समधला जोकर पुन्हा खुनी झाला. तात्या तर निव्वळ हास्यास्पद, असा आक्षेप येईल. पण तिथले हसू मुख्यतः नायक लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्याचे आहे. ‘फास्टर फेणे’ चित्रपटातला (२०१७) खलनायक अप्पा मात्र खरोखर वेगळा : त्याला ना मंत्र लागतो ना मुखवटा, प्रवेशपरीक्षेतला घोटाळा पुरतो.